दोरी नातवाच्या हाती द्या

पत्र : मी शेती खात्यातून निवृत्त झालो, वय ६८. वसमत तालुक्यातल्या आमच्या गावात १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, झेंडावंदनाची जबाबदारी यंदा ग्रामपंचायतीने माझ्यावर टाकली आहे. गेल्या वर्षी झेंडा वर गेला पण उघडलाच नाही. पाच-सात मिनिटं ओढाताण चालली, पोरं फिदीफिदी हसली, त्यात माझा आठवीतला नातूही होता. घरी आल्यावर त्याला सुनावलं तर म्हणतो, "आबा, झेंड्याला सलाम ठोकून सोयाबीनला भाव येतो का?" माझे वडील निजामाविरुद्धच्या लढ्यात उमरखेडच्या कॅम्पात होते, त्यांचा स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट घरात आहे. यंदा नातवाला भाषण पाठ करून उभं करावं असं मुलाचं म्हणणं. सून म्हणते, जबरदस्ती नको. पाचवीतल्या नातीला तर १७ सप्टेंबर कशाचा हेच माहीत नाही. या पोरांच्या मनात देशाचा अभिमान रुजवायचा तरी कसा?

काका, नमस्कार.

अभिमानाचं नंतर बघू, आधी झेंडा का उघडला नाही ते पाहू. पोरं झेंड्याला हसली नाहीत. ज्याला आपण पवित्र म्हणतो त्याची मोठ्या माणसांनी एकदाही तालीम केली नव्हती, त्याला ती हसली. लग्नात अक्षता वाटायच्या राहिल्या तर आठ दिवस चर्चा होते, आणि झेंड्याची दोरी मात्र सकाळी साडेसातला कुणीतरी घाईघाईत बांधतो. मुलांना हा फरक बरोबर कळतो.

तुमच्या मुलाचा आणि सुनेचा वाद मिटवायला एकच सुचवतो : नातवाच्या हातात भाषण देऊ नका, दोरी द्या. खांब, दोरी, घडी, गाठ, संध्याकाळी झेंडा उतरवणं, सगळं त्याच्याकडे. नातीला त्याची जोडीदार करा. प्रत्यक्ष दोरी सरपंच ओढतील, तो मान त्यांचाच राहू द्या. पण झेंडा उघडेल की नाही हे तुमच्या नातवाच्या गाठीवर ठरणार आहे, हे त्याला माहीत असलं पाहिजे.

आता काम कसं करायचं ते नीट लिहितो, कारण यातच सगळी गोम आहे.

झेंडा न उघडण्याची कारणं चार-पाचच असतात. पहिलं, वरचं चाक गंजलेलं असतं. वर्षातून तीन-चारदा वापरायचं, मध्ये पावसाळा. आठ दिवस आधी खांब आडवा करून किंवा शिडी लावून (हे काम मोठ्या माणसाने करायचं) चाकात तेलाचे चार थेंब सोडा, हाताने फिरवून बघा. दुसरं, दोरी. नायलॉनची दोरी गुळगुळीत असते, तिची गाठ एक तर सुटते नाही तर अशी आवळते की दाताने सोडवावी लागते. सुती दोरी पावसात फुगते आणि चाकाच्या खोबणीत अडकते. सप्टेंबरात आपल्याकडे पाऊस धरलेलाच, म्हणून सुती असेल तर बारीक, सहा-आठ मिलिमीटरची घ्या आणि आदल्या रात्री खांबावर भिजत ठेवू नका. लांबी खांबाच्या उंचीच्या दुप्पट आणि वर चार-पाच फूट. वीस फुटी खांबाला पंचेचाळीस फूट दोरी लागते. चाळीस आणली की शेवटी कुणीतरी टाचा उंचावून उभा असतो.

तिसरं आणि सगळ्यात जास्त चुकणारं : गाठ. घडी झेंड्याच्या खालच्या दोरीनेच बांधायची असते. घडीभोवती दोन वेढे घ्या. मग दोरी दुमडून तिचा बोटभर फासा करा आणि फक्त तो फासा वेढ्याखाली सारा. एवढंच. त्यावर गाठ मारायची नाही. खालून ओढलं की फासा निसटतो, वेढे सुटतात, झेंडा उघडतो. "सुटून पडला तर?" या भीतीने कुणीतरी फाशावर आणखी एक गाठ मारतो, आणि तिथेच घात होतो. परीक्षा सोपी : बांधलेली घडी एका हाताने धरून हलवा, सुटायला नको. दुसऱ्या हाताच्या एका बोटाने दोरी ओढा, सुटायला हवी. बोटाऐवजी मूठ लागली तर वेढे घट्ट झालेत.

चौथं, दोरी कोणती ओढायची हेच कळत नाही. खाली दोन पदर लोंबत असतात. पाहुणे घाईत चढवायचा पदर ओढतात, घडी चाकावर जाऊन ठोकते आणि आणखी आवळते. म्हणून ओढायच्या पदराला छातीच्या उंचीवर लाल धागा बांधून ठेवा आणि घडी अगदी चाकाला न भिडवता वीतभर खाली थांबवा.

पाचवं, फुलं. ध्वजसंहितेत झेंड्यात काही भरू नये असा नियम आहे, पण खास प्रसंगी आणि राष्ट्रीय दिनी उलगडण्याआधी पाकळ्या ठेवायला हरकत घेतलेली नाही. तरी लोक अख्खी झेंडूची फुलं भरतात. ती ओली असतात, वजन वाढतं, खादीवर पिवळे डाग पडतात. मूठभर सुट्या, कोरड्या पाकळ्या पुरेत.

तालीम झेंड्यावर करू नका. पंचा घ्या. पोरांना १४, १५, १६ असे तीन दिवस संध्याकाळी पंचा बांधून, चढवून, उघडायला लावा. दहापैकी दहा वेळा उघडेपर्यंत. पहिल्या दिवशी ते खेळ समजतील. समजू द्या. तिसऱ्या दिवशी पंचा अर्धाच उघडला की नातू स्वतःच चिडेल. त्या चिडण्यात तुम्हाला हवं ते सगळं आहे, पण तसं बोलून दाखवू नका.

झेंडा कोणता, तेही पोरांकडूनच तपासून घ्या. घरातली फूटपट्टी आणि टेप पुरतो. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२, तिन्ही पट्टे सारखे, चक्र गडद निळं, आरे २४, आणि चक्र दोन्ही बाजूंनी दिसलं पाहिजे. मानकात ठरलेल्या मापांपैकी ९०० × ६०० मिलिमीटरच्या झेंड्यावर चक्राचा व्यास १८५ मिलिमीटर असतो. वीस फुटी खांबाला १३५० × ९०० किंवा १८०० × १२०० शोभतो. त्याहून लहान वर गेला की रुमालासारखा दिसतो. रस्त्याकडेला मिळणारे दोन-तीन झेंडे आणून मोजायला लावा. कुणाचं चक्र अंड्यासारखं निघेल, कुणाचे आरे २२ भरतील, कुणाचा हिरवा पट्टा अर्धा इंच जास्त. पाचवीच्या मुलीला गुणोत्तर यापेक्षा चांगलं कुठे शिकवणार? आणि शक्य असेल तर एकदा नांदेडला घेऊन जा. खादीचे तिरंगे तिथे शिवले जातात, मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचं ते जुनं काम आहे. देशातल्या इतर राज्यांत फडकणारे झेंडे आपल्या शेजारच्या जिल्ह्यात तयार होतात हे वसमतच्या किती पोरांना ठाऊक असेल? ध्वजसंहितेच्या ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर यंत्रावर केलेला पॉलिस्टरचा झेंडाही चालतो. पावसात तो लवकर वाळतो हे खरं. गावाच्या खांबाला मात्र खादीचाच असावा, असं आमचं मत.

बांधताना केशरी वर आहे ना, हे दोघांनी बघायचं. झेंड्याच्या दोरीला एका टोकाला लाकडी गुल्ली असते, ती केशरी बाजूला. तरी गुल्लीवर विसंबू नका, कपडा डोळ्यांनी पाहा. भिंतीवर उभा लावायचा असेल तर समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी.

गावात हमखास होणाऱ्या दोन चुका. एक, प्रभातफेरीच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर झेंडा पसरणं. वाहनावर असा झेंडा अंथरायला मनाई आहे. मुलं कागदी झेंडे हातात घेऊन चालू देत, पण फेरी संपल्यावर ते गोळा करायला पिशवी घेऊन कोण उभं राहणार, हे आदल्या दिवशी ठरवा. जमिनीवर टाकायचे नाहीत. चारचौघांत नव्हे, एकांतात मानाने नष्ट करायचे. दोन, खांबावर किंवा त्याच्या बरोबरीने दुसरा झेंडा. पारावर, वेशीत, वस्तीत गावोगावी रंगीत झेंडे असतात. तिरंग्याच्या खांबावर दुसरा कुठलाच नको, शेजारी तेवढ्याच उंचीवर नको, वर तर नकोच. हा विषय १७ तारखेला सकाळी काढलात तर भांडण होईल. १० तारखेला चार माणसांना चहाला बोलावून काढा.

शाळेची मुलं येणार असतील तर उभं करण्याची पद्धत ध्वजसंहितेतच दिली आहे : तीन बाजूंनी मुलं, चौथ्या बाजूला खांब, मुख्याध्यापक आणि विद्यार्थी-प्रमुख खांबापासून तीन पावलं मागे, दोन ओळींत किमान एक पाऊल अंतर. लाऊडस्पीकर असला तरी राष्ट्रगीत मुलांनीच म्हणावं. ५२ सेकंदांचं आहे. ते बिघडतं सुरुवातीच्या सुरामुळे. उत्साहात कुणीतरी वरच्या पट्टीत सुरू करतं आणि शेवट आला की निम्मी मुलं गप्प, निम्मी किंचाळतात. सुरुवात करणारी एकच मुलगी ठरवा आणि तिला बोलण्याच्या आवाजाहून थोडं खाली धरायला सांगा.

आता नात. तिला १७ सप्टेंबर कशाचा हे माहीत नाही, कारण तिला तो सुट्टीसारखा सांगितला गेला. एकच प्रश्न विचारा : १५ ऑगस्ट १९४७ ला आपल्या गावात कुणी तिरंगा लावला असता तर काय झालं असतं? अटक झाली असती. आपण तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो आणि तिथे त्या दिवशी तिरंग्याला बंदी होती. स्वामी रामानंद तीर्थांनी हैदराबादेत तो फडकावला आणि त्यांना तुरुंगात टाकलं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताचं सैन्य आत शिरलं आणि १७ ला निजामाच्या फौजेने शरणागती पत्करली. म्हणजे दिल्लीत झेंडा लागल्यावर आपल्याकडे उघडपणे लागायला तेरा महिने आणि दोन दिवस गेले. पाचवीच्या मुलीला एवढं पुरे. ती स्वतःच बोटांवर महिने मोजेल.

आठवीच्या मुलाला जास्त द्या. पण मोठ्या नावांपासून सुरुवात करू नका, वसमतच्या कॉलेजच्या पाटीपासून करा. 'हुतात्मा बहिर्जी' हे नाव तो तालुक्याला जाताना रोज वाचत असेल. हे बहिर्जी शिंदे कोण, वापटी कुठे, ते कशासाठी गेले? बिलोलीकडे हुतात्मा पानसरेंचं नाव असंच पाट्यांवर आहे. गोविंदराव पानसरे १९४६ मध्ये अर्जापूरजवळ मारले गेले. त्याला नकाशा काढू द्या : आपलं गाव, वापटी, अर्जापूर, उमरी, आणि पैनगंगेपलीकडचं उमरखेड. नदीच्या अलीकडे निजाम, पलीकडे भारत. पणजोबा ज्या कॅम्पात होते तो सरहद्दीपलीकडे का होता, हे नकाशात आपोआप कळतं. सांगायला लागत नाही.

आणि घाई करा. १९४८ साली दहा वर्षांचं असलेलं माणूस आज सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचं आहे. गावात अशी दोन-चार माणसं असतील. नातवाला मोबाइल घेऊन पाठवा. "तेव्हा कसं वाटलं?" विचारलं की म्हातारी माणसं भाषण करतात किंवा रडतात. विचारायचं ते असं : आपलं गाव जहागिरीतलं होतं, सर्फेखासातलं (निजामाच्या खासगी मालकीचं) की दिवाणीतलं (सरकारी)? शेतसारा हाली रुपयात (निजामाच्या नाण्यात) भरायचा की कलदारात (इंग्रजी नाण्यात)? शाळेत उर्दू होतं का? गाव सोडून जावं लागलं का, किती दिवस, गाडीत काय भरलं, म्हशीचं काय केलं? म्हशीचं विचारलं की बाकीचं आपसूक येतं. पंखा बंद, मोबाइल घडी केलेल्या टॉवेलवर, तोंडापासून हातभर. वीस मिनिटं बास. सुरुवातीलाच नाव, गाव, तारीख बोलून घ्यायची, आणि जाण्याआधी "हे शाळेत ऐकवलं तर चालेल का?" हेही विचारायचं. त्याच दिवशी दुसऱ्या फोनमध्ये एक प्रत.

इथे एक गोष्ट तुम्ही स्वतः सांभाळायची. रझाकारांच्या (निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या) गोष्टी ऐकता ऐकता पोराच्या डोक्यात शेजारच्या वस्तीतला मित्र रझाकार होऊन बसतो. ते होऊ देऊ नका. विलीनीकरणाच्या बाजूने लिहितो म्हणून रझाकारांनी ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ज्या संपादकाला मारलं त्याचं नाव शोएबुल्ला खान होतं, हे त्याला सांगा. आणि सैन्य आल्यानंतर नांदेड, उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा या भागांत निरपराध मुसलमानांनाही मोठी झळ बसली. भारत सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने त्याची नोंद केली आहे. नातवाने विचारलं तर टाळू नका. आज लपवलंत तर उद्या तो मोबाइलवर दुसऱ्याच कुणाकडून अर्धवट ऐकेल, आणि मग तुमची उरलेली गोष्टही त्याला खोटी वाटेल.

सोयाबीनचा प्रश्न. त्याला उर्मटपणा समजून तुम्ही रागावलात, पण तो प्रश्न मराठवाड्याचाच आहे आणि जुना आहे. गोविंदभाई श्रॉफ मुक्तिसंग्रामातले बिनीचे नेते. त्याच गोविंदभाईंनी पुढे मराठवाडा जनता विकास परिषदेतून रेल्वे, पाणी, विकासाचा अनुशेष यांसाठी सरकारशी उभा दावा मांडला. झेंड्याला सलाम करणारा माणूसच भाव मागायला हक्काने उभा राहतो. सलामाने भाव येत नाही, नातू बरोबर बोलतोय; तसं त्याला म्हणा. मग विचारा, भाव मागायला ज्या तहसीलवर मोर्चा जातो तिथे १९४७ साली मोर्चा काढला असता तर? उत्तर त्याने शोधायचं. तुम्ही गप्प बसायचं. हे तुम्हाला जड जाईल, पण बसा.

त्याला बोलायचंच असेल तर बोलू दे. दोन मिनिटं, दोनशे-सव्वादोनशे शब्द, त्याहून जास्त मावत नाहीत. "आदरणीय व्यासपीठ" नको, इंटरनेटवरून उतरवलेले शेर नकोत. रेकॉर्डिंगमध्ये सापडलेल्या तीन गोष्टी, कुणी सांगितल्या त्याच्या नावासह. त्या सांगणारी आजी समोर खुर्चीवर बसलेली असेल तर आणखी चांगलं.

ताम्रपटाचं थोडक्यात. तो चिंच-मिठाने किंवा भांड्याच्या पावडरीने घासू नका. अक्षरं झिजतात, मग पुन्हा येत नाहीत. कोरड्या मऊ कापडाने पुसा, आधी त्याचा उजेडात फोटो काढून ठेवा, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरून हलवा. फोडणीचा धूर तांब्याला सोसत नाही. वर्षातून एकदा तो नातवाने काढायचा, त्यानेच पुसायचा.

संध्याकाळचं राहिलं. जुलै २०२२ पासून उघड्यावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो. तरी गावाने १७ तारखेला तो सूर्यास्ताला उतरवावा, कारण वारा-पावसात रात्रभर राहिला तर कडा उसवतात आणि फाटका झेंडा लावणं चुकीचं आहे. चढवताना झपकन, उतरवताना सावकाश. जिलेबी खाऊन पांगलेलं गाव या वेळी नसतं, पाहुणे नसतात, फोटोवाला नसतो. नातू आणि नात दोघंच असतील, तुम्ही ओट्यावर बसा. झेंडा जमिनीला लागू द्यायचा नाही : नातू दोरी सोडतो, नात दोन्ही हातांवर झेलते. ओला असेल तर घरात सावलीत दोरीवर पसरून वाळवायचा, मगच घडी. घडी अशी : झेंडा आडवा धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे दुमडायचा, मग दोन्ही बाजूंनी पांढरा आत घेत यायचा, म्हणजे वर चक्र आणि कडेला केशरी-हिरवी किनार तेवढी दिसते. तळहातांवर ठेवून घरात न्यायचा. धुतलेल्या सुती पिशवीत, सोबत वाळवलेला कडुलिंबाचा पाला, आणि पेटीत सगळ्यात वर. पेटीची किल्ली पुढच्या २६ जानेवारीपर्यंत नातवाकडे राहू द्या. चाकात तेल घालायची आठवण त्याला करून देऊ नका. जानेवारीच्या १८-१९ तारखेपर्यंत तो स्वतः विचारतो का, तेवढं बघा, आणि आम्हाला कळवा.